भरल्या रांजणातला आवाज

आमच्या तेगलवुंगूच्या कचेरीत भिंतीवर एक रंगवलेला फळा आहे. गावाची सगळी माहिती त्यावर. घरं एक्केचाळीस. माणसं एकशे अठ्ठ्याहत्तर. भाताची जमीन इतकी, मक्याची इतकी, शेळ्या, बदकं, हातपंप. मशीद एक. चार-पाच वर्षांनी कुणीतरी साहेब येतो, जुने आकडे खरवडतो आणि नवे रंगवून जातो.

सगळं आहे त्या फळ्यावर.

हे नाही.

हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलं. आम्ही तिला बुलिक म्हणतो. नाव पार्तिनी. ती अजून जिवंत आहे, डोकं शाबूत आहे, आणि थापा मारायची तिला सवय नाही. एकच थाप तिनं आयुष्यात मारली. ज्यांना खोटं वाटतंय त्यांनी खुशाल आमच्या गावी यावं. लावू डोंगराच्या पायथ्याशी कुणालाही विचारलं तरी रस्ता सांगतील. कब्रस्तानात माझ्या आजोबांच्या कबरीचा दगड आहे. त्यावर वार कोरलेला आहे, तिथे हात फिरवून बघावा.

तिथे खड्डा आहे. का आहे, ते ऐका.

१९८४ साल. मंगळवार-पोन.

आमच्याकडे दिवसाला दोन नावं लागतात. सात वारांतलं एक आणि बाजाराच्या पाच दिवसांतलं एक. दोन्ही जुळल्याशिवाय लग्न नाही, पेरणी नाही, आणि गेलेल्या माणसाच्या नावानं जेवणही नाही. आणि आमचा दिवस मध्यरात्री पालटत नाही. सूर्य बुडाला, मशिदीचा नगारा वाजला, की पालटतो.

नगाऱ्याआधी मंगळवार. नगाऱ्यानंतर बुधवार.

एवढं लक्षात ठेवा.

त्या दिवशी पाटाच्या पाण्याची पाळी आजोबांची होती. आजोबा, म्हणजे कार्सोनो, सकाळपासून शेतात. बुलिक तेव्हा सतरा वर्षांची. थोरली बहीण, म्हणजे माझी आई, लग्न होऊन शहरात गेलेली. घरात फक्त बुलिक आणि तिची आई. आईला ती सिम्बोक म्हणायची आणि वडिलांना पाक.

दुपारी तीनच्या सुमारास सिम्बोकनं चहाची किटली भरली आणि केळीच्या पानात उकडलेले कसावा कंदाचे तुकडे बांधले.

"थेट बांधावर जा. वाटेत तोंड वाजवत बसू नकोस. पाकनं सकाळपासून घोटभर चहा घेतलेला नाही."

"जाते गं सिम्बोक. किती वेळा सांगशील?"

गेली. पण वाटेत सार्मी भेटली. सार्मी म्हणजे गावातली बातमीदार.

"अगं, पलीकडच्या गावात नाटकमंडळी उतरलीय! मंच बांधतायत. तो नायक विहिरीवर तोंड धुतोय म्हणे. रंग लावायच्या आधी बघून घेऊ चल, म्हणजे रात्री उगाच भुलणार नाहीस."

"पाकला चहा द्यायचाय."

"पाक काय पळून जातोय?"

गेल्या दोघी. बांबूच्या ढिगावर बसल्या. नायक काळा की गोरा यावर त्यांचं बराच वेळ भांडण झालं. ऊन तापलेलं होतं. बुलिकनं किटलीतून एक घोट घेतला. मग सार्मीनं एक. मग पुन्हा बुलिकनं...

सावल्या लांबल्या तेव्हा तिनं किटली हलवून पाहिली.

आतून काहीच आवाज आला नाही.

बुलिक धावत सुटली. बांधावर पाय ठेवला आणि गावातून नगारा वाजला. धम्... धम्... धम्... वाजून थांबला. बांगही झाली. मग तिला आजोबांची टोपी दिसली.

टोपी भाताच्या खाचरात तरंगत होती.

आजोबा बांधावर आडवे होते. पाय पाण्यात. फावडं बाजूला पडलेलं. डोळे उघडे. आणि ते जिवंत होते.

"न्दुक..." ते म्हणाले. आमच्याकडे लेकीला लाडानं अशीच हाक मारतात. "न्दुक... पाणी."

तिनं किटली उपडी केली. एक थेंब पडला.

चारी बाजूंनी पाणी होतं. खाचरं काठोकाठ भरलेली, पाट वाहत होता. ओंजळ भरली असती तरी पुरलं असतं. पण तिला ते सुचलंच नाही. सतरा वर्षांच्या पोरीला हातपाय गळाल्यावर काय सुचणार? "मी घरून आणते, पाक!" असं ओरडून ती पळाली.

लोक कंदील घेऊन पोचले तेव्हा आजोबा गेलेले होते.

सगळ्यांनी विचारलं, कधी झालं? बुलिकच्या तोंडून निघून गेलं, "मी नगाऱ्याच्या आधीच पोचले. तेव्हाच गेले होते. मी घाबरले... तिथंच बसून राहिले."

"आणि चहा?" सिम्बोकनं विचारलं.

"सांडला."

उशीर झाला हे कळू नये म्हणून मारलेली थाप. पण गावानं मंगळवार-पोन धरला. तिसरा त्यावरून मोजला. सातवा, चाळिसावा, शंभरावा, वर्षाचं जेवण, दुसऱ्या वर्षाचं जेवण, सगळं त्यावरूनच. माणूस गेला बुधवारी, आणि दर वेळी त्याला हाक मारली जात होती मंगळवारच्या हिशेबानं.

हे फक्त एका माणसाला माहीत होतं.

चाळिसावा झाल्यावर दोन दिवसांनी ते सुरू झालं.

संध्याकाळची वेळ. सिम्बोक पुढच्या दारी कोंबड्या डालत होती. बुलिक चुलीपाशी. आमच्या घरामागे खाचरं आहेत. सूर्य बुडाला की बेडूक असा काही गोंधळ घालतात की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं.

त्या दिवशी बेडूक गप्प झाले.

सगळे. एकदम.

आणि मागच्या दारी...

ठक्. ठक्. ठक्.

बुलिकच्या हातातली काडी विझली. तो आवाज तिनं जन्मापासून ऐकला होता. आजोबा शेतावरून आले की मागच्या दगडावर फावडं आपटून चिखल झाडायचे. तीनदा. कधी चारदा नाही, कधी दोनदा नाही.

मग पावलांचा आवाज यायला हवा होता. आला नाही.

मग रांजणापाशी...

खर्र... खर्र...

मागच्या दारी पाय धुवायचा आणि प्यायचा मोठा रांजण होता. त्यात दांडा लावलेली करवंटी. ती करवंटी कोरड्या तळाला घासत होती. रिकाम्या रांजणात घासते तशी.

"सिम्बोक! मागं कोण आहे?"

"कोण असणार? तुझा नवरा अजून जन्माला यायचाय," सिम्बोक पुढून म्हणाली. तिला काही ऐकू आलेलं नव्हतं.

बुलिकनं धीर करून दार उघडलं. कुणीच नाही. दगड कोरडा. करवंटी खुंटीला टांगलेली.

तिनं रांजणात डोकावलं.

रांजण काठोकाठ भरलेला होता. तिनंच तो दुपारी भरला होता.

पुढची अडीच वर्षं हेच. रोज नाही. कधी आठवड्यातून एकदा, कधी सलग चार दिवस. पण वेळ तीच. आधी बेडूक गप्प व्हायचे, मग फावडं, मग करवंटी. कोंबड्या मागच्या अंगणात जाईनाशा झाल्या. कुत्रा पुढच्या दारी येऊन झोपायला लागला. बुलिक वाळत चालली.

"कानात बेडूक शिरलेत तुझ्या," सिम्बोक म्हणायची. "लग्न करून टाकते आता तुझं, म्हणजे दुसरे आवाज ऐकशील."

बुलिकनं कधी तोंड उघडलं नाही. काय सांगणार होती? बापाचा दिवस मी चुकवला? आमच्याकडे हजारावा झाला की गेलेला माणूस खरा मोकळा होतो. त्या दिवशी कबरीवरची लाकडी खुंटी काढून दगड बसवतात. कबुतरांची जोडी सोडतात. त्यानंतर तो माणूस घराकडे वळून बघत नाही. पण त्याला त्याच्या दिवशी हाक मारली तरच. परक्या दिवशी मारलेली हाक त्याला कशी पोचणार?

आणि पोचली नाही, तर तो जाणार कुठे?

हजारावा रविवार-पाहिंगला आला. आमच्या हिशेबानं रविवार शनिवारच्या नगाऱ्यालाच सुरू होतो, म्हणून जेवण शनिवारी संध्याकाळी. बकरा कापला. सगळ्या आळीच्या बायका तांदळाच्या पिठाचे आपेम भाजायला आल्या, नारळाच्या दुधाचा वास घरभर. घरटी एक, अशा लोकांनी घरी न्यायच्या एक्केचाळीस बरकतीच्या टोपल्या. आणि पडवीत भिंतीला टेकवलेला नवा दगड. त्यावर कोरलेलं, मंगळवार-पोन.

बुलिक दिवसभर त्या दगडाला वळसा घालून जात होती.

नगारा वाजला. पुरुष चटयांवर बसले. मधोमध म्हातारे मोदिन. गावात जन्मलेल्याची आणि मेलेल्याची दुआ तेच पढायचे. डोळे धड होते, पण कानांनी ठार बहिरे. मशिदीला लागून घर, तरी नगारा वाजला की बायको त्यांना हात लावून उठवायची. त्यांना काही विचारायचं तर तोंड कानाला लावून ओरडावं लागे. पोरंटोरं त्यावरून त्यांची खूप थट्टा करायची.

मोदिननी दुआ सुरू केली. आजोबांचं नाव घेतलं.

बेडूक गप्प झाले.

बुलिक मधल्या दारात उभी होती. तिनं पदर तोंडात कोंबला.

ठक्. ठक्. ठक्.

मोदिन थांबले.

त्यांनी मान वळवली. मागच्या दाराकडे.

"बाहेर कोण फावडं झाडतंय?" ते म्हणाले. "आत बोलवा त्याला."

कुणी हललं नाही. सगळे एकमेकांकडे बघू लागले. कुणालाच काही ऐकू आलं नव्हतं. ज्या माणसाला कानाशी वाजलेला नगारा कळत नाही, त्याला मात्र ऐकू आलं होतं.

"उभा आहे तो," मोदिन म्हणाले. "आत का येत नाही?"

 बुलिक तिथंच खाली बसली आणि ओरडली, "मी खोटं बोलले!"

मग सगळं सांगितलं. नाटकमंडळी, सार्मी, उशीर. नगारा वाजून गेल्यावर ती बांधावर पोचली होती हे. पाक तेव्हा अजून जिवंत होते हे.

 सार्मी दोन लेकरं घेऊन आपेमच्या टोपलीपाशी बसली होती. तिनं मान खाली घातली.

मोदिनना कुणी ओरडून सांगायची गरज पडली नाही. त्यांना सगळं ऐकू आलं होतं.

"म्हणजे बुधवार-वागे," ते म्हणाले. "आज त्याचा दिवस नाहीच. जेवा सगळे. दुआ उद्या."

मग त्यांनी बुलिककडे पाहिलं. "अजून काही आहे, न्दुक?"

बुलिकच्या डोळ्यांसमोर किटली आली. किटलीतून पडलेला तो एक थेंब आला.

समोर सिम्बोक उभी होती.

"नाही," बुलिक म्हणाली.

सिम्बोकनं तिला मारलं नाही. लोक गेले, तशी ती चुलीपाशी गेली आणि उद्यासाठी पुन्हा तांदूळ भिजत घातले. पाठ करूनच म्हणाली, "हजार दिवस तू मला चुकीच्या दिवशी रडवलंस."

हे सांगताना बुलिक आजही रडते.

दुसऱ्या दिवशी नगारा वाजल्यावर, म्हणजे सोमवार-पोन लागल्यावर, पुन्हा सगळे बसले. मोदिननी दुआ पढली, कुठे थांबले नाहीत. त्यांचे कान पुन्हा पहिल्यासारखे झाले होते. बेडूक ओरडत राहिले. सकाळी दगडावरचा मंगळवार छिन्नीनं खरवडला. तिथं खड्डा पडला, त्या खड्ड्यातच बुधवार कोरला. कबुतरं सोडली. ती दक्षिणेला उडाली.

"गेला गं," सिम्बोक म्हणाली. अडीच वर्षांत पहिल्यांदा तिनं बुलिकच्या डोक्यावरून हात फिरवला.

त्या संध्याकाळी बुलिक मुद्दाम मागच्या दारी बसली. सूर्य बुडाला. नगारा वाजला. फावडं वाजलं नाही. तिला इतकं हलकं वाटलं की ती एकटीच हसली.

मग बेडूक गप्प झाले.

आणि तिच्यापासून दोन हातांवर...

खर्र... खर्र... खर्र...

रांजण भरलेला होता. करवंटी खुंटीला होती. ती तिच्या डोळ्यांसमोर स्थिर टांगलेली होती. आणि आवाज येतच होता, कोरड्या तळाला घासल्याचा.

आता पाकचा दिवस चुकलेला नव्हता. आता फक्त तहान उरली होती.

दुसऱ्या दिवशी बुलिकनं जुनी किटली घासली. चहानं भरली. सिम्बोकला म्हणाली, वासराला बघून येते. बांधावर, जिथं आजोबा पडले होते तिथं एक सपाट दगड आहे, त्यावर किटली ठेवली आणि मागे न बघता आली. सकाळी गेली तर किटली रिकामी. झाकण काढून बाजूला ठेवलेलं. उताणं. आजोबा नेहमी तसंच ठेवायचे, आतल्या बाजूला माती लागू नये म्हणून.

घरात पुन्हा आवाज आला नाही.

पण ज्या दिवशी किटली चुकली, त्या दिवशी आला. बुलिकचं लग्न झालं, नवरा घरजावई आला, मुलं झाली, सिम्बोक गेली, वीज आली. रांजण फुटला, त्याजागी सिमेंटची टाकी आली. तरी टाकीच्या तळाला करवंटी घासल्याचा आवाज आला. जवळजवळ चाळीस वर्षं बुलिकनं किटली नेली. नवऱ्याला वाटायचं, शेताचा काही नवस आहे.

या वर्षी तिचे गुडघे गेले.

मी सोलो शहरात नोकरी करते, सुटीला गावी आले होते. तिनं मला जवळ बसवून सगळं सांगितलं. मोदिनना जे सांगितलं नव्हतं तेही. आणि माझ्या हातात किटली दिली.

"नगाऱ्याच्या आधी पोच," ती म्हणाली. "दगडावर ठेव. मागे बघू नकोस. आणि न्दुक, वाटेत..."

"काय?"

"काही नाही. जा."

मी गेले. खरं सांगायचं तर मनातून हसतच गेले. उन्हाळ्याचे दिवस, जवळजवळ दीड किलोमीटर चालायचं. चहा गार होता, गवती चहाचा वास येत होता. घसा कोरडा पडला होता.

एक घोट घेतला. एकच.

नगाऱ्याच्या आधी पोचले. किटली दगडावर ठेवली. परत फिरले. दहा पावलं गेले असेन...

बेडूक थांबले.

मागे झाकण उचलल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही. कुणीतरी किटली हलवून बघावं तसा वेळ गेला. मी मागे पाहिलं नाही. घरापर्यंत धावत आले.

बुलिक दारातच खुर्चीवर बसली होती. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"वाटेत प्यायली नाहीस ना?"

तिचा चेहरा इतका थकलेला होता... मी म्हणाले, "नाही."

दुसऱ्या दिवसापासून बुलिकचा मुलगा किटली नेतो. गावातल्या घरी सगळं शांत आहे असं ती फोनवर सांगते. तिचा आवाज कधी नव्हे इतका मोकळा वाटतो.

मी सोलोत तिसऱ्या मजल्यावर भाड्याच्या खोलीत राहते. इथं शेत नाही, बेडूक नाहीत, रांजण नाही. न्हाणीघरात प्लास्टिकची निळी बादली आहे. कामावरून आले की मी ती आधी काठोकाठ भरते. मग सूर्य बुडतो, मगरिबची बांग होते, रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज एकदम बंद होतो, आणि न्हाणीघरातून...

मी दार उघडत नाही. आतलं पाणी भरलेलंच असणार, ते मला माहीत आहे.

येत्या शनिवारी गावी जाऊन बुलिकला खरं काय ते सांगायचं, असं मी ठरवलंय. ठरवून आता तीन शनिवार झाले.